नृत्याला सरकार पैसे देते, म्हणजे नेमके कशाला देते?

बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथे नवे संकुल उभारायचे, की आहे तीच वास्तू दुरुस्त करून ठेवायची, हा वाद पुण्यात कित्येक वर्षे चालू आहे. १९६८ साली उघडलेल्या या रंगमंदिरावर पुणेकरांचा जीव आहे. विषय निघाला की वर्तमानपत्रांत पत्रे येतात, कलावंत एकत्र जमतात. आसने किती हवीत, गाड्या कुठे लावायच्या, रंगपटात पाणी का गळते, सगळ्यावर बोलणे होते. पण त्या रंगमंचावर नाचणारी मुलगी नाचायला कुठे शिकली आणि तिच्या शिकण्याचा खर्च कोणी उचलला, हे कोणी विचारत नाही.

मला हा प्रश्न इमारतीपेक्षा मोठा वाटतो. पुण्यात नृत्यवर्ग नाही असे उपनगर शोधून सापडणार नाही. संध्याकाळी कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांचे हॉल, शाळांचे वर्ग, बंगल्यांचे तळमजले तत्काराच्या, म्हणजे कथकच्या पदन्यासाच्या, आवाजाने भरलेले असतात. १९४७ साली कथकगुरू रोहिणी भाटे यांनी इथे ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायात घुंगरू बांधणे हेच धाडस होते. तिथून आज घरोघरच्या मुली नाचायला जातात, इथवर शहर आले. या वाटचालीत आपल्या करांचा पैसा किती होता आणि तो कुठे पडला, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पैसा येतो कुठून?

आपल्याकडे कलेसाठी पैसे देणारी सरकारे तीन आहेत: दिल्लीचे, मुंबईचे आणि शिवाजीनगरचे, म्हणजे महापालिकेचे. महापालिकेचे नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. तिचे काम पाणी, कचरा आणि रस्ते एवढेच, असा आपला समज असतो. पण ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी आहे, आणि तिच्यात सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा विषय स्वतंत्रपणे लिहिलेला आहे.

दिल्लीच्या पैशाचा आकार आधी पाहू. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची २०२५-२६ ची तरतूद सुमारे ३,३६० कोटी रुपये होती. ऐकायला आकडा मोठा आहे. त्या वर्षीचा केंद्राचा एकूण अर्थसंकल्प मात्र ५० लाख कोटींहून अधिक होता. म्हणजे केंद्राने खर्चायच्या प्रत्येक १०० रुपयांत संस्कृतीचा वाटा सात पैशांहूनही कमी. याच सात पैशांत किल्ले आणि लेणी सांभाळणारे पुरातत्त्व खाते येते, संग्रहालये येतात, ग्रंथालये येतात. उरलेल्यातून साहित्य, संगीत, नाटक, चित्रकला आणि मग नृत्य. ‘सरकार नाचगाण्यावर पैसे उधळते’ असे म्हणणाऱ्यांनी हे प्रमाण एकदा डोळ्यांखालून घालावे.

या थोड्या पैशाचे पुढे काय होते, हे खडकवासल्याच्या कालव्यावरून चांगले कळेल. धरणात पाणी आहे, आवर्तन सुटल्याची बातमीही येते. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांचे भिजते. इंदापुराकडच्या टेलच्या शेतकऱ्यापर्यंत मात्र पाणी पोचेलच याची खात्री नसते, कारण वाटेत उपसा आहे, गळती आहे, पाळीपाळीचे हिशेब आहेत. नृत्याच्या पैशाच्या कालव्यावर तोंडाशी राष्ट्रीय संस्था, महोत्सव आणि पुरस्कार बसले आहेत. रोज संध्याकाळी भरणारा वर्ग टेलला आहे.

तोंडाशी कोण, टेलला कोण?

१९५२ साली केंद्र सरकारने संगीत नाटक अकादमी स्थापन केली. नृत्य, नाट्य आणि संगीत यांसाठी देशातली ही सर्वोच्च संस्था. दिल्लीचे कथक केंद्र आणि इंफाळची मणिपुरी नृत्याची अकादमी ती चालवते. तिच्या पुरस्काराची रक्कम १ लाख रुपये आहे, आणि चाळिशीच्या आतल्या कलावंतांसाठीच्या बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्काराची २५ हजार. दोन्ही पुरस्कारांचा मान मोठा आहे. पण दोन्ही कलावंत घडून झाल्यावर मिळतात.

घडण्याच्या काळासाठीही काही योजना आहेत आणि त्या पुण्यातल्या पालकांना फारशा माहीत नसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्रीय संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. देशभरात वर्षाला ६५०. पिढीजात कलावंत घराण्यांतल्या मुलांसाठी त्यात काही जागा राखीव आहेत. रक्कम आहे वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ३००, आणि शिवाय गुरूची फी वर्षाला ९ हजारांपर्यंत परत मिळते. पुढे १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी महिना ५ हजारांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ४००, तीही सगळ्या कला मिळून आणि सगळ्या देशात मिळून. एकशे चाळीस कोटींच्या देशात चारशे.

गुरूंसाठीची महत्त्वाची योजना म्हणजे गुरु-शिष्य परंपरेला दिले जाणारे साहाय्य. जुने लोक तिला अजून ‘रेपर्टरी ग्रँट’ म्हणतात. रेपर्टरी म्हणजे कायम एकत्र सराव आणि प्रयोग करणारा संच. यात गुरूला महिना १५ हजार आणि जास्तीत जास्त १८ शिष्यांना वयानुसार २ हजारांपासून १० हजारांपर्यंत मानधन मिळते. कागदावर ही योजना मला सर्वांत शहाणी वाटते, कारण ती प्रयोगापेक्षा रोजच्या शिकण्याला पैसे देते. पण अर्ज करायला नोंदणीकृत संस्था हवी, दर्पण पोर्टलवर, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी संकेतस्थळावर, नोंद हवी, सनदी लेखापालाने तपासलेले हिशेब हवेत. पैसे खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणजे ज्यासाठी घेतले त्यासाठीच वापरले असा लेखी हिशेब. सार्वजनिक पैसा आहे, हिशेब हवाच. मात्र धनकवडीत भाड्याच्या खोलीत २५ मुली शिकवणाऱ्या एकट्या बाईंकडे ना संस्था असते ना लेखापाल. ज्यांच्याकडे आधीच कार्यालय आहे त्यांचा अर्ज सुबक भरला जातो आणि पैसाही तिकडेच वळतो.

राज्याच्या पातळीवर सांस्कृतिक कार्य संचालनालय आहे. महोत्सव, पुरस्कार, तमाशा फडांना अनुदान, प्रशिक्षण शिबिरे ही त्याची कामे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना जुनी आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि एप्रिल २०२४ पासून सर्वांना सरसकट महिना ५ हजार मिळतात. केंद्राची अशीच योजना साठीनंतरच्या कलावंतांना महिना ६ हजारांपर्यंत देते, पण त्यासाठी वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत असावे लागते. याचा अर्थ असा, की महिन्याला ६ हजारांपेक्षा जास्त कमावणारी म्हातारी नर्तकी सरकारच्या लेखी मदतीला पात्र नाही.

सगळा पैसा एका नजरेत पाहिला की चित्र स्पष्ट होते. कलावंत शिखरावर पोचल्यावर पुरस्कार आहे, ती थकल्यावर मानधन आहे. ती शिकत असताना, तिचे गुरू शिकवत असताना, म्हणजे आयुष्याच्या सगळ्यात लांब टप्प्यात, हाताला लागण्याजोगे फार थोडे आहे.

न दिसणारा पैसा

अनुदान हा सरकारी मदतीचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग दोन ठिकाणी असतो: माफ केलेल्या करात आणि न घेतलेल्या भाड्यात.

लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणासाठी कलावंताचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. नृत्याच्या कार्यक्रमाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावरही नाही. वर्गाच्या फीवर? इथे एक विचित्र गोष्ट आहे. एखादी व्यक्ती स्वतःच्या नावावर वर्ग चालवत असेल तर तिच्या फीला करमाफी आहे. तोच वर्ग धर्मादाय न्यासाने चालवला तर जुलै २०२२ पासून ती माफी उरलेली नाही. न्यासाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की कर लागू. म्हणजे अनुदान हवे तर संस्था काढा असे एक खाते म्हणते, आणि संस्था काढली की दुसरे खाते पालकांच्या फीवर कर लावते. दोन्ही खाती आपापल्या जागी नियमाने वागतात आणि मधल्या मध्ये गुरू अडकतात.

नाट्यगृहांचेही तसेच. बालगंधर्व, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण, बिबवेवाडीचे अण्णाभाऊ साठे ही सभागृहे महापालिकेची आहेत. खासगी सभागृहापेक्षा भाडे कमी ठेवले जाते, ते नुकसान महापालिका सोसते, आणि तेही कलेला दिलेले अनुदानच आहे. कुठल्याही यादीत ते ‘अनुदान’ म्हणून दिसत नाही एवढेच. याचा लाभ मात्र तारीख मिळणाऱ्यालाच. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी नाटके, वाद्यवृंद, शाळांची स्नेहसंमेलने, राजकीय मेळावे सगळेच रांगेत असतात. नव्या नृत्यरचनेच्या वाट्याला मंगळवारची सकाळ येते.

दहावीच्या वाढीव गुणांचाही इथे उल्लेख हवा. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळ जादा गुण देते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमाच्या परीक्षांना आठवी-नववीत एकदम गर्दी होते ती यामुळे. यात सरकारचा एक रुपयाही खर्च होत नाही आणि वर्ग भरतात, म्हणून या निर्णयाचे कौतुक होते. माझे मत थोडे वेगळे आहे. गुणांसाठी आलेली मुलगी दहावीचा निकाल लागला की जाते. विशारदपर्यंत, म्हणजे वरच्या परीक्षांपर्यंत, टिकणाऱ्या मुली कोण, असे कुठल्याही गुरूंना विचारा. गुणांच्या यादीत पहिली आलेली नावे त्यांत क्वचितच असतात.

‘कार्यक्रम चांगला असेल तर तिकिटावर चालेल की!’

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो आणि वरवर पाहता तो पटतोही. याचे उत्तर १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी दिले. त्यांच्या विचाराला पुढे ‘खर्चाचा आजार’ असे नाव पडले. नाव भीतिदायक आहे, गोष्ट सोपी आहे.

चाकणच्या कारखान्यात नवी यंत्रे आली की तोच कामगार दिवसाला पूर्वीपेक्षा जास्त माल काढतो. म्हणून त्याचा पगार वाढला तरी प्रत्येक नगामागचा खर्च वाढतोच असे नाही. आता कथकचा एक तासाचा एकल प्रयोग घ्या. नर्तिका, तबला, संवादिनी, गायक, पढंत करणारी, म्हणजे नृत्याचे बोल म्हणणारी, व्यक्ती. १९४७ मध्ये इतकीच माणसे लागत होती, आजही लागतात. तीनतालाच्या सोळा मात्रा कुठल्या यंत्राने बारा होत नाहीत. विलंबित, म्हणजे संथ, लयीतला थाट (सुरुवातीचा डौलदार पवित्रा) दुप्पट वेगाने उरकून ‘उत्पादकता’ वाढवता येत नाही, कारण तसे केले तर तो थाटच राहत नाही. पण तबलजींना घरभाडे, किराणा, मुलांच्या फी आजच्या दराने भराव्या लागतात. म्हणजे प्रयोगाचा खर्च बाकीच्या जगाबरोबर वाढत जातो, आणि काम मात्र तितकेच राहते.

मग उपाय काय उरतात? तिकीट वाढवा, तर प्रेक्षक तुटतो. साथीदार कमी करा, तर ध्वनिमुद्रित संगीतावर नाचावे लागते. हे आज सर्रास होते आणि त्यात नृत्याचा प्राणच हरवतो, कारण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तबल्याशी होणारा संवाद ध्वनिफितीशी होऊ शकत नाही. तिसरा उपाय म्हणजे कलावंताने स्वतःच तोटा सोसायचा. पुण्यात बहुतेक वेळा हाच तिसरा उपाय चालू असतो. सभागृहाचे भाडे, साथीदारांची बिदागी, प्रकाशयोजना, वेशभूषा, सगळे नर्तिकेच्या किंवा तिच्या आईवडिलांच्या खिशातून जाते आणि प्रवेश मात्र विनामूल्य असतो. भरतनाट्यमच्या अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर एकल प्रयोगाचा, खर्च तर अनेक घरांत एखाद्या छोट्या लग्नाइतका होतो. हा पैसाही कलेलाच दिलेला पैसा आहे. तो देणारा सरकार नसून कुटुंब आहे, इतकाच फरक.

‘ही तर खात्यापित्या घरच्या मुलींची हौस’

या आक्षेपात खरेपणा आहे आणि म्हणूनच तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकण्याचा खर्च घराने उचलायचा असेल, तर ज्या घरात पैसा आहे तिथलीच मुले शिकणार. त्यावरून ‘ही श्रीमंतांची हौस, सरकारने पैसे का द्यावेत’ असा निष्कर्ष काढणे उलटे आहे. सरकारने पैसे दिले नाहीत म्हणून ती श्रीमंतांची हौस झाली.

याची दुसरी बाजू पाहायला पुण्यातून फार लांब जावे लागत नाही. नारायणगाव याच जिल्ह्यात आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. दौंड तालुक्यात चौफुल्याला कला केंद्रे आहेत, शहरात गणेश पेठेत आर्यभूषण थिएटर आहे. पेशवाईत लावणीला दरबारी आश्रय होता. १८१८ नंतर तो गेला, आणि ही कला पुढे ज्या बायकांनी जगवली त्यांतल्या बहुतेक भटक्या-विमुक्त आणि दलित समाजांतल्या होत्या. त्यांनी ती कुठल्याही वर्गात शिकली नाही. फडात, आई-मावशीच्या मागे उभे राहून, रात्री जागून शिकली. शिकण्याची फी नव्हती, पण किंमत होती: सुटलेली शाळा आणि समाजाची नजर.

विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदके मिळाली. २००२ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांची अखेरची वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली हे महाराष्ट्राला माहीत आहे. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या नावाचा पुरस्कार असणे योग्यच आहे. पण त्यांच्या गावात, त्यांच्या जिल्ह्यात, लावणीचा पदन्यास, अदा, ढोलकीशी होणारी जुगलबंदी हे सगळे सन्मानाने आणि बाराही महिने शिकवणारी सरकारी शाळा का नसावी? संचालनालयाची शिबिरे होतात, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. शिबिर मात्र काही दिवसांत संपते आणि मुंबई विद्यापीठात जायला आधी बारावीपर्यंत शाळा टिकावी लागते. फडावरच्या मुलीला ज्या वयात नृत्याबरोबर शाळाही हवी असते, त्या वयासाठी या व्यवस्थेकडे काही नाही.

शास्त्रीय नृत्यासाठी पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. १९८७ साली ते स्थापन झाले आणि तिथे कथक व भरतनाट्यममध्ये पदवी घेता येते. सार्वजनिक पैशातून चाललेल्या नृत्यशिक्षणाचे पुण्यातले हे ठळक उदाहरण आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. तरीही तिथे प्रवेश घ्यायला विद्यार्थिनी आधीच आठ-दहा वर्षे कुठेतरी शिकलेली असावी लागते. ती आठ-दहा वर्षे पुन्हा घराच्या खर्चाने. शिडीची वरची पायरी सरकारने बांधली आहे, खालच्या पायऱ्या ज्याच्या त्याने आणायच्या.

‘आधी खड्डे बुजवा’

सिंहगड रस्त्यावर रोज कंबर मोडून घेणाऱ्याचा हा राग समजण्यासारखा आहे. पण वरचे सात पैसे आठवा. नृत्याचा सगळा पैसा काढून रस्त्यांवर टाकला तरी शहरातल्या खड्ड्यांना फरक पडणार नाही. शिवाय हाच न्याय आपण क्रीडांगणाला लावत नाही. महापालिका क्रीडा निकेतनाच्या शाळा चालवते, राज्य सरकार खेळाडूंना नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण देते, आणि ते योग्यच आहे असे आपण मानतो. मुलाचे शरीर तालीम घेऊन घडावे यासाठी सार्वजनिक पैसा चालतो, तर त्याच तालमीत लय, भाव आणि कविता आली म्हणून तो बंद व्हावा, याचे कारण मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

‘सरकारचे पैसे घेतले की सरकारचे ऐकावे लागते’

ही भीती खोटी नाही. पैसे देणारा मंत्री आणि निवड करणाराही त्याचाच माणूस असेल, तर कोणत्या विषयावर नृत्यरचना करायची हे कलावंत न सांगताच ओळखू लागतो. यावर इंग्लंडने १९४६ साली एक तोडगा काढला. सरकारने एकूण रक्कम ठरवायची आणि ती कोणाला द्यायची हे स्वतंत्र कला परिषदेने ठरवायचे. मंत्र्याने त्या निवडीत हात घालायचा नाही. तिथेही तक्रारी आहेत. लंडनला झुकते माप मिळते ही त्यातली जुनी. पण तत्त्व स्पष्ट आहे.

आपली संगीत नाटक अकादमी स्वायत्त आहे, मात्र तिचे अध्यक्ष राष्ट्रपती नेमतात आणि पैसा सांस्कृतिक मंत्रालयातून येतो. त्यामुळे ते अंतर कितपत राखले जाते यावर कलावंतांत सतत चर्चा असते. माझ्या मते उपाय पैसे नाकारण्यात नाही. निवड समितीत कोण बसले, कोणाला किती मिळाले, कोणाला का नाकारले, हे सगळे जाहीर व्हावे. आणि याहून सोपी गोष्ट अशी, की पैसा रचनेऐवजी शिकण्याच्या सोयींवर गेला तर दबावाची जागाच कमी होते. जमीन नीट करून दिली म्हणून तिच्यावर काय नाचायचे हे सांगता येत नाही.

इतर राज्ये काय करतात?

तमिळनाडूत सरकारी संगीत महाविद्यालये आहेतच, शिवाय अनेक जिल्ह्यांत सरकारी संगीतशाळा आहेत. नाममात्र फीत तिथे गायन, नादस्वरम, मृदंगम यांच्याबरोबर भरतनाट्यमही शिकवले जाते. मध्य प्रदेशात ग्वाल्हेर, उज्जैनसारख्या शहरांत शासकीय संगीत महाविद्यालये आहेत आणि कथक तिथल्या अभ्यासक्रमात आहे. छत्तीसगडमधल्या खैरागढला १९५६ पासून संगीत आणि कलांचे पूर्ण विद्यापीठ आहे. केरळमध्ये सरकार १९५७ पासून शालेय कलोत्सव भरवते आणि त्यात नृत्याच्या स्पर्धांना मोठे स्थान आहे. पोशाखांचा खर्च पालकांना परवडत नाही ही तक्रार तिथेही आहेच.

महाराष्ट्राने २०१० मध्ये पहिले सांस्कृतिक धोरण जाहीर केले, २०२४ मध्ये सुधारित धोरण आले. पण तमिळनाडूसारखी जिल्हावार नृत्य-संगीतशाळांची साखळी आपल्याकडे नाही. नाट्यगृहे बांधण्यात महाराष्ट्र कुणाला हार जाणार नाही. त्यांत उद्या नाचणार कोण, याची सोय मात्र आपण खासगी वर्गांवर सोडून दिली.

‘आता सगळे यूट्यूबवर शिकता येते’ असे कोणी म्हणेल, त्यांना एवढेच सांगते: पडदा तुमचा गुडघा आत वळतो आहे हे सांगत नाही. ते गुरू सांगतात, आणि तेही दहाव्यांदा.

पुण्यात कुठून सुरुवात करता येईल?

नव्या कायद्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, आणि त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरहून अधिक मुले असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. निदेशक म्हणजे त्या विषयापुरता, ठरावीक तास येणारा शिक्षक. आपल्याकडे कला म्हटले की चित्रकलेचा तास डोळ्यांसमोर येतो आणि बहुतेक शाळांत गोष्ट तिथेच संपते. पण कायद्यात ‘कला’ म्हटले आहे, चित्रकला नाही. ललित कला केंद्रातून पदवी घेऊन दरवर्षी मुली बाहेर पडतात आणि पोटासाठी स्वतःचे वर्ग काढतात. महापालिकेच्या शाळांत त्यांना नेमले तर एका बाजूला त्यांना काम मिळेल, दुसऱ्या बाजूला येरवड्याच्या किंवा जनता वसाहतीच्या मुलीला फी न भरता कथक शिकता येईल, आणि मुलालाही. क्रीडा निकेतनाच्या धर्तीवर एखादी शाळा नृत्य आणि संगीतासाठी राखता आली तर आणखी चांगले. नारायणगावच्या बाबतीत हेच काम जिल्हा परिषदेच्या निवासी शाळेतून होऊ शकते, कारण फडावरच्या मुलांना वर्षाचे कितीतरी महिने राहायला एक स्थिर जागा हवी असते.

दुसरी गोष्ट जमिनीची. सिमेंटवर बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर रोज तास-दोन तास पदन्यास केला तर टाचा, नडग्या आणि गुडघे दुखावतात. नृत्यासाठी खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन लागते, तिला थोडी लवचिकता असते. भाड्याच्या खोलीत अशी जमीन बसवणे कुठल्याही गुरूंना परवडत नाही, कारण खोली उद्या सोडावी लागू शकते. महापालिकेकडे मात्र स्वतःची समाजमंदिरे, विरंगुळा केंद्रे आणि शाळांची सभागृहे आहेत. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत अशी एक खोली नीट जमीन आणि आरसे बसवून तासावर, कमी भाड्यात देता आली तर आसपासच्या कितीतरी छोट्या वर्गांचा सगळ्यात मोठा खर्च हलका होईल. यासाठी संस्था, लेखापाल, दर्पण पोर्टल काहीच लागणार नाही. अर्ज करून तास मिळवायचा, पावती घ्यायची आणि शिकवायचे.

याला पैसा कुठून, असे विचाराल तर एक दार आधीच उघडे आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेते. आपल्या प्रभागातले छोटे काम सुचवायचे, एका कामासाठी ५ लाखांपर्यंत तरतूद होऊ शकते. लोक तिथे बहुतेक पदपथ, दिवे, बाकडी सुचवतात. पालिकेच्याच इमारतीतल्या एका खोलीची जमीन बदलणे हेही त्याच जातीचे काम आहे. सूचनांचे अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयांत घेतले जातात. अर्जात इमारतीचे नाव, खोली आत्ता कशासाठी वापरली जाते, तिची लांबी-रुंदी आणि आसपासच्या किती वर्गांना ती लागेल, एवढे लिहावे. शेजारपाजारच्या दोन-तीन गुरूंनी आणि पालकांनी मिळून सह्या केल्या तर मागणीला वजन येते.